भीती घडवणारे हात



व्यंकोजीराजांनी तंजावरात राज्य स्थापले, तेव्हापासून या मुलखात मराठी घरे नांदत आहेत. पुढे बडोद्याचे दिवाण झालेले सर टी. माधवराव 1828 साली याच कावेरीकाठच्या कुंभकोणमात जन्मले. तंजावरच्या भोसले राजांनी मराठीत नाटके लिहिली. त्या मातीत चित्रपटांवर बोलायला आपण जमलो, याचा मला फार आनंद आहे.

पण बोलण्याचा विषय भयपटच का, असे काहींनी विचारले. इटलीत ‘जो दामातो’ या नावाने भयपटही करणारा अरिस्तीदे मासाचेसी 1999 मध्ये वारला, तेव्हा त्याच्या खात्यावर दोनशेच्या आसपास चित्रपट होते आणि पुष्कळदा कॅमेराही तोच चालवी. तिकडचे अभ्यासक त्याची दखल घेतात. आपल्याकडे भयपट काढणाऱ्या रामसे बंधूंची मात्र वर्षानुवर्षे थट्टाच झाली. हा अन्याय आहे.

एफ. यू. रामसे फाळणीनंतर कराचीहून मुंबईत आले आणि लॅमिंग्टन रोडवर त्यांनी रेडिओचे दुकान थाटले. पुढे ते चित्रपटनिर्मितीत उतरले. त्यांचा 1970 चा ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ आपटला. पण मुखवटा घातलेले पृथ्वीराज कपूर चोरी करतात, त्या प्रसंगाला प्रेक्षक दाद देतात, हे तुलसी आणि श्याम या मुलांनी थिएटरात बसून हेरले. त्यातूनच 1972 चा ‘दो गज जमीन के नीचे’ जन्मला. चित्रीकरणासाठी अख्खे कुटुंब महाबळेश्वरला मुक्कामाला गेले. भावांनी कामे वाटून घेतली: लेखन कुमारचे, कॅमेरा गंगूचा, ध्वनी किरणचा, संकलन अर्जुनचे, दिग्दर्शन तुलसी-श्यामचे. केशूही सोबत होताच. पैसा बेताचा, म्हणून खऱ्याखुऱ्या वास्तूंतच काम भागवायचे. 1984 च्या ‘पुराना मंदिर’मधला राक्षस सामरी लहान गावांतल्या थिएटरांनी डोक्यावर घेतला. त्यात आपले सदाशिव अमरापूरकरही होते. 1993 मध्ये ‘झी हॉरर शो’ या मालिकेने हीच भीती घराघरांत नेली.

रामसेंच्या कथा कच्च्या होत्या, विनोदाची ठिगळे कंटाळवाणी होती आणि स्त्रीदेहाचे प्रदर्शन खटकणारे होते. ते मी झाकणार नाही. पण धूर, रंगीत दिवे आणि करकरणारे दार एवढ्या सामग्रीवर भरलेले थिएटर गप्प करणे ही मोठी कारागिरी आहे.

तुलसी 2018 मध्ये गेले, श्याम 2019 मध्ये, गंगू 2024 मध्ये. या चित्रपटांची पोस्टरे, छायाचित्रे, जाहिरातपत्रके कोणाच्या माळ्यावर पडून असतील, तर ती रद्दीत देऊ नका. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाशी संपर्क साधा, ही माझी आपणा सर्वांना कळकळीची विनंती आहे.