कातड्याची वादी आणि गावची शाळा



पखवाज बोलतो तो कशाने, असे कुणी विचारले तर तुम्ही काय सांगाल? कुणी म्हणेल शाईने, कुणी म्हणेल वाजवणाऱ्याच्या हाताने. दोन्ही उत्तरे खरी आहेत. पण शाई कितीही चांगली बसलेली असो आणि हात कितीही तयार असो, पुडीला ताण देणारी वादी ढिली पडली, की पखवाज मुका होतो. ही वादी म्हणजे कातड्याची एक लांब पट्टी. पुडीच्या कडेला गुंफलेला गजरा असतो, त्याला सोळा घरे असतात. वादी या तोंडाच्या घरातून त्या तोंडाच्या घरात अशी फिरत जाते, आणि तिच्याखाली लाकडी गठ्ठे बसतात. गठ्ठा सरकवला, की ताण कमीजास्त होतो आणि सूर चढतो किंवा उतरतो.

ही वादी ज्याने कापली त्याचे नाव भजनात कुणी घेत नाही. आज त्याच्या कामाविषयी थोडे बोलू या.

जालना जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यात, कुंभार पिंपळगाव नावाचे गाव आहे. समर्थ रामदासांचे जन्मस्थान जांब याच तालुक्यातले. या गावाच्या नावातच एका कारागिराचे नाव आहे. जुन्या गावगाड्यात कुंभाराबरोबर सुतार, लोहार, चांभार असे बलुतेदार असत. चांभार वहाणा शिवी, मोट सांधी, आसूड वळी, आणि त्याचे बलुते त्याला खळ्यावर मिळे. विहिरीवर इंजिन आले, मग विजेचा पंप आला, आणि मोट गेली. वहाणा कारखान्यातून येऊ लागल्या. कातडे कापायचे, टोचायचे, शिवायचे कसब मात्र निकामी झालेले नाही. गावात अजूनही भजनी मंडळ आहे, हलगी आहे, बैलाच्या गळ्यात घंटा आहे, ऊसतोडीला जाणाऱ्याच्या हातात कोयता आहे. या सगळ्यांना पट्टा लागतो, वादी लागते, म्यान लागते.

आता काम कसे करायचे ते पाहू. हत्यारे थोडीच लागतात: कापायला रापी, टोचायला आरी, एक लाकडी ठोकळा, हातोडी, आणि मेण ओढलेला दोरा. कातडे हिरडा किंवा बाभळीची साल यांच्या कसात कमावलेले असावे. सगळे कातडे सारखे नसते, हे आधी ध्यानात घ्या. जनावराच्या पाठीचे कातडे घट्ट असते, पोटाकडचे सैल असते आणि ताणले की लांबतच जाते. म्हणून पट्टा नेहमी पाठीच्या भागातून काढावा. पोटाकडचा भाग पाकिटाला किंवा चष्म्याच्या घराला चालतो.

लांब वादी सरळ कापत नाहीत, गोल कापतात. बाहेरच्या कडेने सुरुवात करून आत आत फिरत जायचे, जिलबीसारखे. शिक्षक बंधुभगिनींनो, हा तर गणिताचा चांगला पाठ आहे. 20 सेंटिमीटर व्यासाचा, म्हणजे लहान भाकरीएवढा, कातड्याचा गोल घ्या. त्याचे क्षेत्रफळ सुमारे 314 चौरस सेंटिमीटर भरते. त्यातून 1 सेंटिमीटर रुंदीची वादी कापली, तर ती किती लांब निघेल? 314 सेंटिमीटर, म्हणजे दहा फुटांहून थोडी जास्त! मधला लहानसा तुकडा वाया जातो, तेवढी कमी धरा. एवढ्याशा तुकड्यातून माणसाच्या उंचीच्या जवळजवळ दुप्पट लांबीची वादी निघते, हे मुलाला आधी खरेच वाटत नाही. आधी जुन्या कागदावर कात्रीने करून दाखवा, मग कातडे हाती द्या. कापून झाली, की वादी ओली करून जोराने ओढावी आणि ताणलेल्या स्थितीतच सावलीत वाळवावी. जे लांबणे व्हायचे ते आधीच होऊन जाते, आणि मग वाद्यावर ती लवकर ढिली पडत नाही.

दुसरा जिन्नस म्हणजे खांद्याचा पट्टा. दिंडीत मृदंग गळ्यात अडकवून माणूस कोस न् कोस चालतो. पट्टा 2 सेंटिमीटर रुंद असेल तर तो खांद्यात रुततो. तोच 5 सेंटिमीटर केला तर तेवढेच वजन अडीचपट जागेवर पसरते आणि खांदा सोलवटत नाही. कडीतून पट्टा दुमडायचा तेथे दुहेरी शिवण घाला, कारण तुटतो तो तेथेच. चीर पाडायची असेल तर तिच्या टोकाला आधी गोल भोक पाडा. नुसती चीर पुढे फाटत जाते, गोल भोकाशी येऊन ती थांबते.

कडी शक्यतो पितळेची घ्यावी. हिरड्याच्या कसात कमावलेले कातडे ओले झाले आणि लोखंडाला लागले, की तेथे काळा डाग पडतो. का पडतो? हिरड्यातला तुरट अंश आणि लोखंड एकत्र आले की काळा रंग तयार होतो. पूर्वी काळी शाई करीत ती याच गुणावर. म्हणजे विज्ञानाचाही पाठ झाला. आणखी एक सांगतो. भिजलेला पट्टा उन्हात किंवा चुलीजवळ कधी वाळवू नका, तो कडक होऊन तडकतो. सावलीत वाळवा, मग बोटावर घेऊन थोडे एरंडेल चोळा. थोडेच हं! फार तेल प्यायलेले कातडे सैल पडते.

हे सगळे शाळेत का आणायचे, असे तुम्ही विचाराल. शाळेत आणण्याचा विचार नवा नाही. 1937 साली वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने मूलोद्योगी शिक्षणाची योजना आखली. शाळेत शिकवण्याजोग्या उद्योगांत सूतकताई, सुतारकाम, शेती यांच्या पंक्तीला समितीने चामड्याचे कामही बसवले होते. वर्ध्याजवळ नालवाडीला गोपाळराव वाळुंजकर त्या काळी चर्मालय चालवीत होते. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे शिकावे असे सांगितले आहे. तेथे उदाहरणे दिली आहेत ती सुताराची, माळ्याची, कुंभाराची, कलाकाराची. चांभाराचे नाव त्यात नाही. ते आपण घालायचे. धोरण त्याला आडवे येत नाही.

पण एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. कातड्याचे काम आपल्याकडे कौतुकाने कुणी दिले नव्हते, ते जन्माने लादले होते. मार्च 1927 मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत जनावराचे मांस सोडा, स्वाभिमानाने जगा, असे सांगितले. त्यानंतर कित्येक गावांत लोकांनी मेलेली ढोरे ओढायला नकार दिला. तो नकार योग्यच होता. ज्या हाताने पखवाजाची वादी कापली त्या हाताला पखवाज वाजतो त्या देवळात जायला बंदी, ही रीत टिकवण्याजोगी नव्हतीच. म्हणून गुरुजी, बाई, वर्गात रापी आणाल त्या दिवशी एवढे जपा. "तुझ्या घरचे काम आहे, तू दाखव," असे कुठल्याही मुलाला म्हणू नका. त्या एका वाक्याने सगळ्या वर्गासमोर त्याची जात बाहेर येते, आणि त्याच्या आजोबांनी जे ओझे टाकले ते पुन्हा त्याच्या डोक्यावर बसते. पाटलाच्या मुलीपासून सगळ्यांच्या हाती रापी द्या, क्रमांकाने द्या. आणि शिकवायला गावातला जो जाणता कारागीर बोलवाल त्याला खुर्ची द्या, पाणी द्या, त्याच्या दिवसाची मजुरी द्या, आणि मुलांना त्याला गुरुजी म्हणू द्या.

कोल्हापुरी चपलेला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळाले. जून 2025 मध्ये इटलीतल्या एका मोठ्या कंपनीने मिलानच्या प्रदर्शनात तशाच वहाणा मांडल्या, तेव्हा आपल्याकडे पुष्कळ गाजावाजा झाला. परदेशाने मोल केले, की आपले डोळे उघडतात. आपल्या गावातल्या हाताचे मोल करायला मिलानची वाट कशाला पाहायची?

तेव्हा येत्या महिन्यात एवढे करून पाहा. भजनी मंडळाच्या वाद्यांचे पट्टे आणि वाद्या एकदा तपासा. जो पट्टा दोरीने बांधून चालवला असेल तो शाळेतल्या मुलांकडून, जाणत्याच्या देखरेखीखाली, नवा करून घ्या. त्याचे पैसे शाळेच्या उद्योगवर्गाला द्या. लहान मुलांच्या हाती रापी देताना मोठे माणूस जवळ बसलेले असावे, आणि कापण्याची दिशा नेहमी अंगापासून दूर असावी, हे विसरू नका.

त्या पट्ट्यावर पखवाज गळ्यात घालून कुणी उभा राहील, तेव्हा वर्गातले एखादे पोर शेजाऱ्याला कोपराने ढोसून म्हणेल, "ती शिवण माझी हाय." हे म्हणताना त्याला आपली जात आठवू नये, फक्त शिवण आठवावी, एवढे आपल्याला साधायचे आहे.