कार्यक्रमपत्रिकेत नसलेला कार्यक्रम

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात, कोलकाता येथे, केलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाच्या पन्नास वर्षांच्या कार्याचा आढावा आमच्याहून अधिकारी वक्त्यांनी आत्ताच घेतला आहे. गणेशोत्सव, नाट्यप्रयोग, ग्रंथालय, हळदीकुंकू, कोजागरी, सर्वांचा हिशेब त्यांनी यथासांग मांडला. आम्हांस ज्याविषयी चार शब्द बोलावयाचे आहेत, त्याचा उल्लेख मात्र आजवरच्या एकाही वार्षिक अहवालात आलेला नाही. आणि तो यावयास हवा होता, असेही आमचे म्हणणे नाही. शनिवारी संध्याकाळी मंडळाच्या मागच्या लहान खोलीत जमून आम्ही काही मित्रांनी वर्षानुवर्षे ज्या गप्पा मारल्या, त्या गप्पा हा आमचा विषय आहे. येथे 'आम्ही' हा शब्द मानाचा नाही, संख्येचा आहे. एके काळी आम्ही चौदा-पंधरा जण होतो. आज चार उरलो आहोत. बोलणारा एक असला तरी मजकूर चौघांचा आहे, आणि तो एकमताने नव्हे, भरपूर वाद घालून सिद्ध झालेला आहे.

आमच्यापैकी बहुतेक जण नोकरीच्या निमित्ताने या शहरात आलो, तेव्हा त्याचे नाव कलकत्ता होते. २००१ साली ते अधिकृतपणे कोलकाता झाले, तरी आमच्या तोंडी अजून जुनेच नाव येते. कचेरीतील पहिल्याच आठवड्यात एका बंगाली सहकाऱ्याने आमच्यातील एकास "संध्याकाळी आमच्या अड्ड्यावर या" असे निमंत्रण दिले. आमचा मित्र चपापला. मराठीत अड्डा म्हटला की तो जुगाराचा, नाही तर दारूचा. सभ्य दिसणारा, धोतर नेसलेला हा गृहस्थ उघड्यावर अड्ड्याचे आमंत्रण देतो, याचा त्याला उलगडा होईना. गेल्यावर पाहतो तो काय, पाच-सहा माणसे, चहाचे पेले, आणि शरदबाबूंपासून फुटबॉलपर्यंत चाललेले बोलणे. ज्याला आपण गप्पा म्हणतो, पारावर किंवा ओट्यावर बसून जे करतो, त्याला या प्रांतात अड्डा म्हणतात आणि ते एक प्रतिष्ठित काम समजले जाते. कॉलेज स्ट्रीटवरील अल्बर्ट हॉलमध्ये १९४२ साली सुरू झालेले कॉफी हाउस या एका कामावर प्रसिद्धी पावले आहे. आपल्याकडे "नुसत्या गप्पा मारतो" ही तक्रार होते; येथे अड्डा नसलेल्या माणसाची कीव केली जाते. हा धडा आम्ही वंगभूमीकडून घेतला आणि आमचा अड्डा मांडला.

त्या काळी या शहरात वीज जाणे ही नित्याची गोष्ट होती. लोडशेडिंग सुरू झाले की पंखे थांबत, दिवे जात, आणि घरात बसण्यापेक्षा मंडळाच्या खोलीच्या दारात बसणे बरे वाटे. आमच्या एका मित्राजवळ चावीचा ग्रामोफोन होता. त्याला विजेची गरज नव्हती. अंधारात कोणी तरी चावी देई, कोणी सुई बदली, आणि तीन-सव्वातीन मिनिटांचे एक पद संपले की पुढचा अर्धा तास त्याच्यावर वाद चाले. तबकडीच्या एका बाजूस मावेल एवढेच गाणे. परंतु तेवढ्यात बालगंधर्व काय काय करून जात, याची मोजदाद कधी पुरी झाली नाही.

एकदा मेणबत्तीच्या उजेडात एक जण तबकडीवरचे बारीक छापील अक्षर वाचत होता. वाचता वाचता तो थांबला आणि म्हणाला, "अहो, ही तर दमदमची!" मग शोध सुरू झाला. नोव्हेंबर १९०२ मध्ये गौहरजान यांचे गाणे याच शहरात ध्वनिमुद्रित झाले. त्या काळी तबकड्या छापून येत जर्मनीतील हॅनोव्हरहून. १९०८ साली ग्रामोफोन कंपनीने येथे सियालदहला कारखाना काढला आणि पुढे तो दमदमला नेला. म्हणजे पुण्या-सांगलीच्या वाड्यांत आमच्या आजोबांनी ज्या तबकड्या जिवापाड जपल्या, त्यांतील कितीतरी याच शहरातून आगगाडीने तिकडे गेल्या होत्या. आपण घर सोडून दूर आलो, असे आम्ही समजत होतो. त्या रात्री वाटले, की आमच्या घरातले गाणे जेथून येत होते तेथेच आम्ही आलो आहोत. श्रोतेहो, ही गोष्ट कोणत्याही व्याख्यानमालेत आम्हांस कळली नाही. ती गप्पांत सापडली.

अशा किती गोष्टी सांगाव्यात! गुरूच्या शोधात घर सोडून निघालेला मुलगा भीमसेन या शहरात पहाडी सान्याल यांच्या घरी राहिला होता, हे एका शनिवारी निघाले. लता मंगेशकर यांच्यासह कोळ्यांचे गाणे तितक्याच मराठी ठसक्यात गाणारे हेमंतकुमार हे येथले हेमंत मुखोपाध्याय, हे दुसऱ्या शनिवारी. पु. ल. देशपांडे पन्नाशीच्या घरात असताना शांतिनिकेतनात राहून बंगाली शिकले आणि त्यातून 'वंगचित्रे' हे पुस्तक झाले. ते वाचून आमच्यातील तिघांनी बंगाली मुळाक्षरे गिरवावयास घेतली. तिघांपैकी एकाचीच लिपी पुरी झाली, ही गोष्ट वेगळी.

आणि वाद! १९२१ साली मुंबईस झालेल्या संयुक्त 'मानापमान'च्या प्रयोगात केशवराव भोसले धैर्यधर झाले होते आणि बालगंधर्व भामिनी. त्या रात्री बाजी कोणी मारली, यावर आमच्यात दोन तट पडले ते आजतागायत मिटलेले नाहीत. आमच्यापैकी एकाचाही तेव्हा जन्म झालेला नव्हता. पण साक्ष देताना कोणी मागे हटला नाही.

गप्पा म्हटल्या की खाणेपिणे आलेच. आमचा अड्डा मुख्यतः चहाचा आणि चिवड्याचा. परंतु येथे सत्य सांगावयाचे आहे, म्हणून सांगतो, की वर्षाच्या शेवटच्या संध्याकाळी एका सदस्याच्या घरी निराळे पेय होत असे. त्यामागेही विद्वत्ता होती. इंग्रजांचा 'पंच' हा शब्द आपल्या 'पाच'वरून गेला, असे अनेक कोश सांगतात. मद्य, साखर, लिंबू, पाणी आणि मसाला अशा पाच जिनसांचे ते मिश्रण सतराव्या शतकात कंपनीच्या लोकांनी हिंदुस्थानात उचलले आणि विलायतेस नेले. हे कळताच आमच्यातील एका गृहस्थांनी स्वतःचे पंचक सिद्ध केले: गावाकडून आलेले कोकम, साखर, येथील गंधराज लिंबू, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि सोडा. ज्याला त्यात सहावी जिन्नस हवी असेल त्याने ती स्वतःच्या बाटलीतून घालावी आणि त्याविषयी घरी स्वतःच उत्तर द्यावे, असा नियम होता. कोकणातले कोकम आणि बंगालचे गंधराज यांची गाठ एका पेल्यात पडली, की आमचे अर्धे आयुष्यच त्या पेल्यात आहे असे वाटे. ज्यांनी ते केले ते गृहस्थ आता नाहीत. प्रमाण त्यांनी लिहून ठेवले नाही. आम्ही अनेकदा प्रयत्न केला, पण कोकम पुढे येते नाही तर लिंबू.

येथवर आम्ही आमच्या सुखाचे वर्णन केले. आता दोन चुका कबूल करावयाच्या आहेत. भाषणास उभे राहण्याचे खरे कारण त्याच आहेत.

पहिली चूक अशी, की आरंभीची कित्येक वर्षे आमचा अड्डा पुरुषांचाच होता. बैठक कोणाच्या घरी असली तर स्त्रिया आत पोहे करीत आणि आम्ही बाहेर संगीतशास्त्र. एका संध्याकाळी तबकडीवर एक चीज लागली होती. आम्ही सर्वांनी एकमुखाने, आणि अशी एकवाक्यता आमच्यात दुर्मिळ, ती भूप रागातली ठरविली. तोच स्वयंपाकघरातून आवाज आला, "भूप नव्हे तो. धैवत ऐका ना. देसकार आहे." भूप आणि देसकार यांचे स्वर तेच पाच, पण भूपाचा जीव गंधारात आणि देसकाराचा धैवतात. आम्ही पुन्हा चावी दिली, पुन्हा ऐकले. देसकारच होता. हा कान दहा वर्षे भिंतीपलीकडे पोहे परतीत होता आणि आम्ही गंधार-धैवताच्या गोष्टी करीत होतो! त्या दिवसापासून स्त्रिया बैठकीत आल्या, आणि आमच्या गप्पांना त्यानंतरच खरा रंग चढला. ती चूक उशिरा का होईना, दुरुस्त झाली.

दुसरी चूक दुरुस्त झाली नाही. आमचे बोलणे रंगात आले, की मुले दारात येऊन उभी राहत. एखादे काही तरी विचारी. आम्ही म्हणत असू, "मोठी माणसे बोलत असताना मध्ये बोलू नये. जा, बाहेर खेळा." मुले आज्ञाधारक होती. ती बाहेर गेली आणि बाहेरच्या भाषेत खेळली. पुढे आमच्या ध्यानात आले, की मुलांचे मराठी कच्चे राहते आहे. तेव्हा आम्ही काय केले? पाठांतराच्या स्पर्धा घेतल्या. मनाचे श्लोक, पसायदान, स्वागतगीते. मुलांनी ती तोंडपाठ केली, उच्चार शुद्ध केले, बक्षिसे मिळविली. त्या मुलांची मुले आज याच व्यासपीठावर चढतात.

मागील गणेशोत्सवात आमच्यातील एकाच्या नातवाने एक दीर्घ स्तोत्र न अडखळता म्हटले. सभागृहाने टाळ्या वाजविल्या. आजीने कौतुकाने जवळ घेऊन विचारले, "घाबरला होतास का रे?" मुलगा क्षणभर गोंधळला आणि त्याने इंग्रजीत उत्तर दिले. त्याच्याजवळ स्तोत्र होते, पण "थोडासा घाबरलो होतो" हे एवढे वाक्य नव्हते. आजी हसली, परंतु घरी गेल्यावर फार वेळ काही बोलली नाही.

त्या प्रसंगावर आमची चार शनिवार चर्चा झाली आणि आम्हांस एक गोष्ट उमगली. पाठांतरात कोणी कोणास अडवीत नाही. "छे हो", "काही तरीच काय", "तसं नव्हे ते", "बरं, तुमचं खरं" हे शब्द कोणत्याही स्तोत्रात नसतात. भाषा येणे म्हणजे त्या भाषेत दुसऱ्याचे म्हणणे खोडता येणे, थट्टा करता येणे, चुकून बोलून पुन्हा सावरता येणे. हे केवळ गप्पांत शिकता येते, आणि तेही मध्ये बोलण्याची मुभा असेल तरच. आम्ही मुलांना नेमकी तीच मुभा नाकारली. घरची भाषा दुसऱ्या कोणी आमच्यापासून हिरावली नाही. दाराशी आलेल्या मुलांना आम्हीच परत पाठविले.

आता प्रस्तुत विषयाकडे येतो. मंडळाच्या वास्तूच्या नूतनीकरणाचा जो आराखडा आज आपणांपुढे ठेवला आहे, त्यात मागची लहान खोली शनिवार-रविवारी भाड्याने देण्याची सूचना आहे. कार्यकारिणीचा हेतू आम्ही जाणतो. विजेचे देयक, रंगरंगोटी, ग्रंथपालाचे मानधन हे सारे पैशांवाचून होत नाही, आणि रिकाम्या खोलीत चार वृद्ध चहा पीत बसलेले दिसणे हिशेबनिसास खुपणे स्वाभाविक आहे. तरीही आमची विनंती आहे, की शनिवारची संध्याकाळ तेवढी सोडावी. भाड्याची जी रक्कम बुडेल ती आम्ही चौघे भरू. आमच्या पश्चात ती किती वर्षे पुरावी याचीही तरतूद आम्ही केली आहे.

मात्र खोली आम्हांस आमच्यासाठी नको आहे. तेथे कोणताही कार्यक्रम नसेल. अध्यक्ष, प्रास्ताविक, आभारप्रदर्शन, बक्षीस, काही नाही. आमच्या दिवंगत मित्राचा ग्रामोफोन आणि त्याच्या तबकड्या तेथे आहेत; त्यांना मुलांनी हात लावावा, एखादी फुटली तरी चालेल. मुलांना जे आवडते त्यावर बोलू. त्यांचे गायक, त्यांचे खेळ, त्यांचे पदार्थ आम्हांस ठाऊक नाहीत; ते त्यांनी आम्हांस समजावून द्यावेत, शक्य तेवढे मराठीत, आणि जेथे अडेल तेथे बंगालीत किंवा इंग्रजीत. आम्ही चुका काढणार नाही. त्यांनी आमच्या काढाव्यात. एक अट मात्र आहे: मोठी माणसे बोलत असताना मुलांनी मध्ये बोललेच पाहिजे.

पुढील शनिवारी सायंकाळी सहा वाजता खोली उघडी असेल. कोकम गावाहून आले आहे, गंधराज लिंबे बाजारात आहेत, आणि प्रमाण अजून सापडावयाचे आहे. आपण आमचे बोलणे शांतपणे ऐकून घेतलेत. शनिवारी मात्र इतके शांत बसू नये.