बांबोळीहून परतल्यावर

पेडणे-डिचोलीच्या माणसाला हृदयविकाराचा झटका आला, तर उपचाराची वाट आता पुष्कळ सुकर झाली आहे. 2018 साली ‘स्टेमी गोवा’ प्रकल्प सुरू झाला. तालुक्याच्या पातळीवर काढलेला ईसीजी बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयातल्या (गोमेकॉ) हृदयतज्ज्ञांना दिसतो, गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लगेच देता येतं. पुढे स्टेंट बसतो, माणूस घरी येतो. मला बोलायचंय ते त्यानंतरच्या महिन्यांबद्दल.

तो सोप्यावर बसून राहतो. पानात टाकतो, पहाटे तीनला जागा होतो, कुळागराकडे फिरकत नाही. चतुर्थी तोंडावर आली, पण माटोळीला आंबाडे कुठून आणायचे, सुपारीचं शिपटं कोण उतरवणार, याची विचारपूस नाही. घरचे म्हणतात, ‘एवढं मोठं दुखणं झालं, असं व्हायचंच.’

झटक्यानंतर साधारण पाचांतल्या एकाला खरंखुरं नैराश्य येतं. मॉन्ट्रियलमध्ये 222 रुग्णांचा अभ्यास 1993 साली प्रसिद्ध झाला: खचलेल्यांचे मृत्यू पहिल्या सहा महिन्यांतच जास्त झाले. असा माणूस गोळ्या चुकवतो, चालणं सोडतो. त्याच्या रक्तातल्या बिंबिकाही लवकर चिकटतात.

नैराश्यावर औषधं आहेत. अमिट्रिप्टिलीनसारखी जुनी औषधं झटक्यानंतर टाळतात. सर्ट्रालीन मात्र 2002 च्या चाचणीत अशा रुग्णांना सुरक्षित ठरलं. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल चालू असेल तर डॉक्टरांना सांगा, रक्तस्राव वाढू शकतो. 2003 च्या एका मोठ्या अमेरिकी चाचणीत समुपदेशनाने मन सुधारलं, मृत्यू मात्र घटले नाहीत. म्हणून काय झालं? पाय मोडला तर तो हृदयासाठी बसवतो का आपण?

आणि समुपदेशनाला परदेशात बघायची गरज नाही. ‘संगाथ’ संस्थेने आपल्याच गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत 495 नैराश्यग्रस्तांवर चाचणी केली, ती 2017 साली ‘लॅन्सेट’मध्ये आली. ते खास हृदयरुग्ण नव्हते, पण पद्धत इथेही लागू पडावी. मानसशास्त्राची पदवी नसलेले प्रशिक्षित समुपदेशक सहा ते आठ वेळा भेटत. उपदेश नाही. ‘उमेद आली की उठेन’ याच्या उलटं: आधी उठा, मग उमेद. देवळापर्यंत चालून या, उद्या भजनाला बसा. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांतले 64 टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले. नेहमीच्या उपचारांत 39 टक्के. अडचणींची उकलही त्यात होती. खाणी बंद पडल्यावर ट्रकचे हप्ते थकलेल्या डिचोलीकराला त्याचं मोल कळेल.

तेव्हा पुढच्या तपासणीला सोबत जाल, तेव्हा ईसीजीबरोबर डॉक्टरांना हेही सांगा: दोन आठवडे यांचं कशात मन लागत नाही. मानसोपचार संस्थाही बांबोळीलाच आहे. जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा निघाली, तर त्याच दिवशी न्या, एकटं सोडू नका. रात्रीबेरात्री बोलायला ‘टेलि-मानस’चा 14416 हा क्रमांक मोफत चालू असतो.