भाषा मराठी सांगा



लगीनसराई तोंडावर आहे, म्हणून फॉन्टची गोष्ट पत्रिकेपासूनच काढतो. घरात एखादी पत्रिका येऊन पडली असेल तर घ्या हातात. ‘शुभविवाह’मधला श बघा, ‘लग्न’मधला ल बघा. ल च्या उजव्या अंगाला सरळ उभा दांडा दिसतोय? मग तो हिंदी वळणाचा ल. आपला ल म्हणजे मधोमध देठ, दोन बाजूंना दोन पाकळ्या आणि दांडा नाही. श चंही तसंच, आपला श देठाचा. पत्रिका मराठी, दोन्ही घरं मराठी, छापणारा मराठी आणि अक्षर मात्र परगावचं!

आता कुणी म्हणेल, ल तो ल, वाचता येतोय ना? येतोय की. पण महाराष्ट्र शासनानं ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात पाकळीचा ल आणि देठाचा श हीच मराठीची वळणं म्हणून सांगितली आहेत. ‘आम्ही कर्नाटकात, आम्हाला तो निर्णय कुठं लागू?’ असं म्हणणारा बेळगावात एखादा भेटतोच. बाबा रे, निर्णय राहू दे. आजीच्या पोथ्या माळ्यावर असतील तर त्यात कुठला ल आहे ते बघ. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला, राणोजी रावजी आरूंनी त्याच्यासाठी अक्षरं कापली, आणि ते वळण आपल्या दोन-तीन पिढ्यांच्या डोळ्यांत बसलं. १९१९ पासून ज्या गावात ‘तरुण भारत’ निघतो, त्या गावाला मराठी अक्षराची ओळख मी काय करून देणार?

चूक होते कुठं, तेवढं सांगतो. युनिकोडमध्ये ल एकच आहे. कानपूरचा वेगळा आणि कडोलीचा वेगळा अशी सोय तिथं नाही, नसलेलीच बरी. कुठलं वळण छापायचं ते फॉन्ट ठरवतो. चांगल्या फॉन्टच्या पोटात दोन्ही वळणं असतात. मजकूर मराठी आहे असं सांगितलं की तो पाकळीचा ल काढतो. नाही सांगितलं की पहिलं हाताला लागेल ते देतो, आणि ते बहुधा दांड्याचं असतं. म्हणजे दोष फॉन्टचा नाही, आपण बोलत नाही त्याचा आहे.

माझं काम लॅटेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीवर चालतं, म्हणून त्याच्याच भाषेत सांगतो. लिहून घ्या. सेटमेनफॉन्ट, मग महिरपी कंसात फॉन्टचं नाव, मग चौकटी कंसात स्क्रिप्ट बरोबर देवनागरी, स्वल्पविराम, लँग्वेज बरोबर मराठी. हा शेवटचा तुकडा पोरं खातात. ‘देवनागरी सांगितलंय की सर!’ अरे, देवनागरी ही लिपी झाली. हिंदीही देवनागरी, नेपाळीही देवनागरी, संस्कृतही देवनागरी. भाषा सांग. लँग्वेज बरोबर मराठी. आणि लुआलॅटेक वापरत असाल तर रेंडरर बरोबर हार्फबझ हेही त्याच कंसात टाका, म्हणजे वेलांट्या आणि जोडाक्षरं जागेवर बसतील.

आता मूळ विषय, फॉन्टचं कुटुंब निवडायचं कसं. मी याला पंगत म्हणतो. पानं मांडायच्या आधी यजमान भटारखान्यात डोकावतो की नाही? काय शिजलंय, किती शिजलंय ते बघतो. फॉन्ट घेताना आपण डोकावतच नाही. नाव आवडलं, घेतला. आता शोभिका घ्या, मुंबईच्या आयआयटीतून आलेला, शास्त्रीय मजकुराला भारदस्त. त्यात साधा आणि ठळक आहे, तिरपा नाही. मुक्ता घ्या, ‘एक टाइप’ या फॉन्टसंस्थेचा. त्यात सडपातळपासून जाडजूडपर्यंत सात वजनं, पण तिरपा तिथंही नाही. टिरो देवनागरी मराठी घ्या, त्यात साधा आहे, तिरपाही आहे आणि ठळक नाही! वर ठळक मथळ्यांची पत्रिका करायची आणि टिरो निवडायचा, म्हणजे पंगतीला जिलबी जाहीर करायची आणि कढई चढवायचीच नाही.

मग काय होतं? लॅटेक हा वाढपी मोठा धोरणी. जिलबी नाही म्हणून पंगत थांबवत नाही, जवळपास जे असेल ते वाढून पुढं सरकतो. पण प्रामाणिक आहे. लॉग फाइलमध्ये लिहून ठेवतो की अमुक आकार मिळाला नाही, त्याऐवजी तमुक वाढला. भाषेचंही तो लिहितो. फॉन्टमध्ये मराठीची सोय नसेल तर ‘ही भाषा या फॉन्टात नाही’ असा इशारा तिथं पडलेला असतो. ती वही कोण वाचतं? पीडीएफ निघाली की सगळे चहाला.

दुसरे काही जण हुशारी करतात. ठळक नाही ना, मग ऑटोफेकबोल्ड लावतात. आमटीत पाणी ओतून माणसं भागवावीत तसा हा प्रकार. यंत्र साध्याच अक्षराच्या कडा फुगवतं. बारीक टाइपात बघा एकदा, ‘क्ष’चं पोट बुजतं, ष मधली तिरकी रेघ चिखलात जाते, ध आणि घ शोधावे लागतात. त्यापेक्षा शेजारून घागर मागवा. बोल्डफॉन्ट बरोबर म्हणून दुसऱ्या कुटुंबातला ठळक जोडता येतो. साधा टिरोचा आणि ठळक शोभिकाचा, असं करून बघा. मात्र शिरोरेषेची उंची आणि अक्षराचा ठसा जुळतो का ते छापून पाहायचं. आणि हो, त्या उसन्या ठळकालाही बोल्डफीचर्समध्ये भाषा मराठी सांगितलेली आहे का? नाहीतर मजकुरात पाकळीचा ल आणि मथळ्यात दांड्याचा! हे मी प्रत्यक्ष पाहिलेलं आहे, एकाच पानावर.

तिरप्याचं म्हणाल तर शिशाच्या काळी आमच्या जुळाऱ्यांना त्याची ददात कधी पडली नाही. जोर द्यायचा तर ब्लॅक टाइप, नाहीतर अक्षरं सुटी लावायची. ऑटोफेकस्लँटनं शिरोरेषा असलेलं अक्षर ओढून तिरपं केलं की वेलांटी शेजारच्या अक्षरावर रेलते. न वापरलेलं बरं, हे माझं मत.

आता एक गंमत, विद्यार्थी फार अडतात म्हणून. लॅटेक प्रत्येक अक्षराच्या पाच गोष्टी ध्यानात ठेवतं. संकेतन, कुटुंब, वजन, वळण आणि आकार. फॉन्टफॅमिली म्हणून कुटुंब बदललं, फॉन्टसीरीज म्हणून वजन बदललं, तरी पानावर काही हलत नाही. पोरगं म्हणतं, बिघडलं. बिघडलं काही नाही. पानात सगळं वाढून झालंय, पण यजमानानं ‘होऊ द्या सावकाश’ म्हटल्याशिवाय कुणी घास उचलतो का? ते म्हणणं म्हणजे सिलेक्टफॉन्ट. आधी हवं ते सगळं सांगा आणि शेवटी सिलेक्टफॉन्ट, की अक्षर बदललं. आकार बदलतानाही तेच. आणि हा सगळा बदल महिरपी कंसात कोंडा. कंस विसरलात तर एका शब्दासाठी लावलेलं अक्षर पुस्तक संपेपर्यंत चालतं. पाहुणा जेवून उठलाच नाही असं व्हायचं.

आता आपल्या भागाचा खरा पेच. पुण्यातल्या पुस्तकांत हा सहसा भेटत नाही. निपाणी, चिकोडी, संकेश्वर, खानापूर, कुठंही जा, पतसंस्थेचा अहवाल असो, जत्रेचं पत्रक असो, मराठी आणि कन्नड शेजारी शेजारी. एकाच पंगतीत दोन पाहुणे. दोघांनाही बारा पॉइंट दिले की न्याय झाला, असं वाटतं. नाही झाला. बारा पॉइंट ही अक्षराची उंची नव्हे, खिळ्याच्या अंगाची उंची. त्या अंगावर अक्षर केवढं कोरायचं ते कोरणाऱ्यानं ठरवलेलं. म्हणून बारा पॉइंटचं कन्नड एका फॉन्टात मराठीपेक्षा ठेंगणं दिसतं, दुसऱ्यात थोराड. मग पाट वर-खाली करावा लागतो. न्यूफॉन्टफॅमिली म्हणून कन्नडचं वेगळं कुटुंब नेमा, स्क्रिप्ट बरोबर कन्नड, लँग्वेज बरोबर कन्नड आणि स्केल बरोबर ०.९५ म्हणा, नाहीतर १.०५ म्हणा. जोडीवर अवलंबून आहे. मॅचलोअरकेस नावाची आयती सोय आहे, पण ती रोमन लिपीच्या लहान अक्षरांवर बेतलेली. ना आपल्याला लहान अक्षरं, ना त्यांना. डोळ्यानंच जुळवायचं. मराठीची शिरोरेषा आणि कन्नड अक्षराचा माथा एका सुताजवळ आला की थांबा.

आणि एवढं सगळं जुळवून शेवटी मराठीची भाषा सांगायचं विसरू नका. कन्नडवाल्याच्या फाइलमध्ये कन्नड नीट सांगितलेलं असतं, आणि आपली पोरं... जाऊ दे.

जुन्या फाइलींचं काय, हे मला नेहमी विचारतात. मराठी मजकूर जुन्या श्रीलिपीत, कन्नड जुन्या नुडीत आणि कुणीतरी दोन्ही एकत्र करून सगळं निवडतं आणि फॉन्ट बदलतं. पानभर चिन्हांचा कचरा! त्या फाइलींत अक्षर नसतंच, रोमन कळांच्या जागी बसवलेली चित्रं असतात, प्रत्येक कंपनीच्या आपल्या क्रमानं. तिथं कुटुंब बदलणं म्हणजे मजकूर बदलणं. आधी युनिकोडमध्ये रूपांतर, मग वाचन, मग फॉन्ट. रूपांतर झाल्यावर रफार आणि अर्धा र दोन्ही तपासायचे. यंत्र तिथं हमखास गफलत करतं.

फॉन्ट पारखायला एक ओळ देतो. ‘येळ्ळूरच्या शेतकऱ्यांच्या लेकीच्या लग्नाला शुभाशीर्वाद.’ ळ ला जोडलेला ळ, ऱ्या, श, ल, रफार, सगळं एका ओळीत आलं. साध्यात छापा, ठळकात छापा, नऊ पॉइंटात छापा. पडद्यावर बघून समाधान मानू नका. पडदा सगळ्यांनाच गोरं दाखवतो.

मला खुणा होताहेत. घाई करतो. डोनाल्ड कनूथ यांनी १९७८ मध्ये लॅटेकच्या मुळाशी असलेलं टेक तयार केलं ते स्वतःच्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं डोळ्याला खटकली म्हणून. एवढा मोठा गणितज्ञ, पण अक्षरासाठी संशोधन बाजूला ठेवलं. त्यांच्यावर बोलायचं होतं, त्यांच्या मेटाफॉन्टवरही, ज्यात अक्षराचं वजन आकड्यांनी वाढवता येतं, आपल्या फुगवण्यासारखं नव्हे... राहिलं ते.

ओळीतल्या अंतराचं मात्र सांगतोच. फॉन्टसाइझमध्ये दोन आकडे द्यायचे असतात, दुसरा अंतराचा. कन्नडची जोडाक्षरं ओळीखाली उतरतात, आपले रफार-अनुस्वार वर चढतात आणि द्विभाषिक पानावर दोघांची टक्कर होते. बारावर सोळा धरत असाल तर अठरा धरून बघा. पान वाढेल, कागद लागेल, गिऱ्हाईक कुरकुरेल. त्याला दोन्ही पानं शेजारी ठेवून दाखवा. कन्नड अंकांचा विषय पुढच्या वेळी घेऊ, आकाशवाणीनं बोलावलं तर. पत्रं पाठवताना सोबत तुमची लॉग फाइल छापून पाठवा, नुसतं ‘चालत नाही’ लिहू नका.