चेहऱ्यामागचं डोकं

चौकातला पुतळा गाडगेबाबांचा असो की पंजाबरावांचा, आपण तो जाता जाता पाहतो, खालून आणि समोरून. मूर्तिकार मात्र नाक-डोळ्यांना सगळ्यात शेवटी हात लावतो. आधी डोकं.

अमरावतीत एका मूर्तिकार मित्राच्या शेडमध्ये हे मी पुष्कळदा पाहिलं आहे. फळीवर दांडा उभा करायचा, वर तारांचा पिंजरा. त्यात लाकडाच्या लहान फुल्या टांगायच्या, नाहीतर ओली माती रात्रीतून खाली घसरते. माती शाडूची. आपली काळी माती कापसाला कसदार, पण वाळताना अशी आक्रसते, की उन्हाळ्यात शेताला पडतात तशा भेगा गालाला पडाव्यात. डोळे आपल्याला वाटतात तितके वर नसतात; टाळू आणि हनुवटीच्या साधारण मध्यावर येतात. शिकाऊ मुलं कपाळ हमखास लहान करतात.

अलिबागजवळ सासवण्याला शिल्पकार विनायकराव करमरकरांच्या घरी त्यांची शिल्पं मांडलेली आहेत. पुण्यातला 1928 चा शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा त्यांचाच. मी तिथे रेंगाळलो तो साध्या माणसांच्या डोक्यांपाशी, तेही मागच्या बाजूला. जिवंत माणूस समोर बसवला, की मूर्तिकाराला त्याच्याभोवती फिरता येतं. माझ्या मित्रापुढे बहुधा फोटो येतो. फोटोला मागची बाजू नसते.

दोन वर्षांपूर्वी अकोल्याकडच्या एका शाळेसाठी तो दिवंगत गुरुजींचं डोकं करत होता. हाताशी ओळखपत्राचा फोटो. साचा घेण्याआधी घरच्यांना दाखवावं लागतं; प्लास्टर झाल्यावर फेरफार कठीण. गुरुजींच्या पत्नी आल्या. समोर उभ्या राहिल्या, काही बोलल्या नाहीत. मग मागे गेल्या.

"त्यायची मान एवढी सरळ नोती ना भाऊ. जराशी डाव्या अंगानं झुकेल राहे."

मित्राने दोन्ही हातांनी माती हलकेच कलती केली. बाईंनी पदर तोंडाला लावला. नाक, ओठ, चष्मा यातलं काहीही बदललं नव्हतं.

त्या गेल्यावर मित्र मला म्हणाला, "भाई, तुझ्या अम्मीचं करू?" आमच्या घरी तसबिरी लावायची चाल नाही, भिंतीवर घड्याळ आणि काबाशरीफचं कॅलेंडर. अम्मी 1989 साली गेली, मी बी. ए. च्या शेवटच्या वर्षाला होतो. मतदारांची फोटो ओळखपत्रं तेव्हा यायची होती. तिचा एकही फोटो नाही. मी नको म्हणालो. धर्मामुळे, असं त्याला वाटलं असावं, आणि तेही होतंच. पण त्याने पुढे सहज विचारलं, "कान कसे होते?" ते मला सांगता येईना. ओढणी कायम कानांवरून. ज्वारी निवडताना खाली झुकलेला माथा आठवतो, सुपाचा आवाज आठवतो. कान मी कधी पाहिलेच नसावेत. तिच्यावर मी चार कविता लिहिल्या आहेत, आणि लोक म्हणतात त्यांत ती डोळ्यांपुढे उभी राहते.

गुरुजींचा साचा दुसऱ्या दिवशी निघाला. आतली माती उकरून काढावी लागते, त्यात मातीचं डोकं राहत नाही. कान वेगळा, हनुवटी वेगळी, असं ते पिंपात गेलं. मित्राने वर पाणी मारलं, ओलं गोणपाट टाकलं. त्याच मातीचे पुढे महालक्ष्म्यांचे मुखवटे करायचे होते.