तापलेला धातू आणि पाण्याचा थेंब



घावन घालण्यापूर्वी गृहिणी तव्यावर पाण्याचे चार थेंब शिंपडते. तवा बेताचा तापलेला असेल तर थेंब चर्र करून क्षणात नाहीसे होतात. तो फाजील तापला असेल तर मात्र तेच थेंब मोत्यांसारखे इकडून तिकडे धावत राहतात आणि लवकर आटत नाहीत. जर्मन वैद्य योहान लायडनफ्रॉस्ट यांनी १७५६ साली या प्रकाराचे सविस्तर वर्णन केले. थेंबाखाली वाफेचा पातळ पापुद्रा तयार होतो व थेंब त्यावर तरंगतो. वाफ उष्णतेची मंद वाहक असल्याने धातूची उष्णता पाण्यापर्यंत फारशी पोहोचतच नाही.

स्वयंपाकघरातील हे कौतुक यंत्रांच्या बाबतीत संकट ठरते. शक्तिशाली विद्युत उपकरणे थंड राखण्यासाठी त्यांच्या धातूच्या तळपट्टीवर द्रवाचे तुषार सोडण्याची पद्धत आहे. अमेरिकेतील क्रे कंपनीच्या २००२ साली जाहीर झालेल्या ‘एक्स-१’ महासंगणकातही तुषारांचा उपयोग केला होता. तेथे पाण्याऐवजी वीज न वाहणारा द्रव होता.

एक किलोग्रॅम पाणी ३० अंशांवरून १०० अंश सेल्सिअसपर्यंत तापताना सुमारे ७० किलोकॅलरी उष्णता घेते. त्याची वाफ होताना मात्र आणखी सुमारे ५४० किलोकॅलरी शोषल्या जातात. खरा लाभ बाष्पीभवनात आहे तो असा. वाफेचा पापुद्रा आड आला की पाणी उसळून वाया जाते आणि उपकरण जळण्याचा धोका निर्माण होतो. अशा वेळी पाण्याचा मारा वाढविणे हा खर्चिक उपाय होय.

त्याहून सुज्ञ उपाय पृष्ठभाग सुधारण्याचा आहे. तांब्याची सूक्ष्म भुकटी उष्णतेने पट्टीवर घट्ट बसविली की सच्छिद्र लेप तयार होतो. माठाच्या अंगात पाणी झिरपावे तसे ते या छिद्रांत ओढले जाते व सर्वत्र पसरते. छिद्रांत बुडबुडे सहज जन्म घेतात. पाणी धातूला धरून राहते आणि पापुद्रा लांबणीवर पडतो.

लेप जितका जाड तितका उत्तम, असे मात्र नाही. अतिजाड लेप उष्णतेच्या वाटेत स्वतःच अडसर होतो. जड पाण्यातील क्षार छिद्रे बुजवितात. वारंवार तापण्या-निवण्याने लेप सुटूही शकतो. म्हणूनच बेताची जाडी, क्षारमुक्त पाणी आणि नियमित तपासणी ही पथ्ये पाळणे अगत्याचे आहे.

पाणी किती ओतले, यापेक्षा ते धातूला किती भिडले, यावरच शीतकरणाचे यश अवलंबून असते.