श्रेष्ठ आल्बम कोणता ? : एका जुन्या परीक्षकाचा कौल

आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकीं कांहींच्या कपाळाला आठी पडली असेल. अडतीस वर्षें खानदेशांतील शाळांत मराठी शिकविलेल्या, जुन्या मॅट्रिकपर्यंतच शिकलेल्या मास्तरानें अभंगांवर बोलावें, फार तर पोवाड्यांवर बोलावें. अमेरिकेंतील कृष्णवर्णीय तरुणांनीं निर्माण केलेल्या हिप-हॉप संगीताशीं त्याचा संबंध काय, असें मनांत येणें साहजिक आहे. गेल्या दिवाळीपूर्वीं मींहि हेंच म्हटलें असतें.

संबंध आला तो घरांतूनच. दिवाळीच्या सुटींत माझा नातू आणि माझी नात या भावंडांत वाद जुंपला. १९९० ते १९९९ या दहा वर्षांतील सर्वांत श्रेष्ठ हिप-हॉप आल्बम कोणता, हा वादाचा प्रश्न. नातू म्हणे, नॅस याचा ‘इल्मॅटिक’. नात म्हणे, लॉरिन हिल हिचा ‘द मिसएज्युकेशन ऑफ लॉरिन हिल’. फराळाच्या ताटावरहि वाद मिटेना, तेव्हां नात माझ्याकडे वळून म्हणाली, “आबा, तुम्ही जन्मभर पेपर तपासलेत. आतां तुम्हीच मार्क द्या.” परीक्षकपणाचा अभिमान मोठा वाईट ! मीं होकार दिला. दोघांनीं गीतांचे शब्द कागदावर उतरवून दिले, मीं शब्दकोश जवळ घेतला, आणि रोज सकाळीं एक तास कानांना यंत्र लावून बसूं लागलों. त्या अभ्यासांतून जें हातीं आलें, तें आज आपल्यापुढें ठेवतों.

प्रथम, हें संगीत म्हणजे काय तें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. न्यूयॉर्क शहराच्या ब्राँक्स भागांत सेजविक ॲव्हेन्यू नांवाच्या रस्त्यावर १५२० क्रमांकाची एक मोठी इमारत आहे. ११ ऑगस्ट १९७३ रोजीं तेथें सिंडी कॅम्बेल या मुलीनें एक नाचाची मजलस भरविली, आणि तिचा भाऊ क्लाइव्ह यानें तेथें तबकड्या वाजविल्या. जमेकांत जन्मलेला हा तरुण ‘डीजे कूल हर्क’ या नांवानें ओळखला जातो. गाण्यांत जेथें गायन थांबून नुसता ताल उरतो, त्या तुकड्यावर नाचणाऱ्यांना विशेष जोर चढतो, हें त्यानें हेरलें. एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर चढवून तो तेवढाच तुकडा पुन्हां पुन्हां वाजवूं लागला. त्या तालावर कोणी यमकबद्ध बोलूं लागला, तेंच रॅप. डफाच्या तालावर शाहीर बोलतो, तसेंच हें. आपले कलगीवाले आणि तुरेवाले शाहीर फडांत सवाल-जबाब करीत, तशा चढाओढीहि तेथें होऊं लागल्या. १९७९ सालीं ‘रॅपर्स डिलाइट’ ही तबकडी निघाली आणि हा प्रकार ब्राँक्सबाहेर दूरवर पोंचला. पुढें सुट्या गाण्यांबरोबर सलग आल्बमहि निघूं लागले. सुटी कविता आणि काव्यसंग्रह यांत जो फरक, तोच येथेंहि समजावा.

आतां परीक्षेला बसलेले उमेदवार पाहा. १९९० सालीं ‘पब्लिक एनिमी’ या मंडळाचा ‘फिअर ऑफ अ ब्लॅक प्लॅनेट’ आला. त्यांत असंख्य जुन्या ध्वनिमुद्रणांचे बारीक तुकडे एकावर एक रचलेले आहेत, आणि त्या कोलाहलांतून राजकीय गाऱ्हाणें गर्जत येतें. १९९१ सालीं ‘अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट’ यांनीं ‘द लो एंड थिअरी’ काढून रॅपला जाझ संगीताची सोबत दिली. त्यांतील एका गीतांत रॉन कार्टर या नामांकित जाझ वादकानें स्वतः साथ केली आहे. १९९२ च्या डिसेंबरांत लॉस एंजल्सच्या बाजूनें डॉक्टर ड्रे याचा ‘द क्रॉनिक’ आला. १९९३ सालीं स्टेटन आयलंडच्या ‘वू-टँग क्लॅन’नें चिनी युद्धपटांतील संवाद मधून मधून पेरून आपला पहिला आल्बम काढला. १९९४ च्या एप्रिलांत ‘इल्मॅटिक’ आणि सप्टेंबरांत नोटोरियस बी.आय.जी. याचा ‘रेडी टु डाय’ निघाला. १९९८ च्या ऑगस्टांत लॉरिन हिलचा आल्बम आला. दहा वर्षांत एवढें पीक आलें, म्हणूनच तर भांडण !

मीं नेहमींच्या संवयीनें कागदावर रकाने आंखले. पहिला रकाना खपाचा घातला आणि लगेच खोडला. खपावर गुण द्यावयाचे तर परीक्षक कशाला, दुकानदार पुरे. दुसरा मानसन्मानाचा. फेब्रुवारी १९९९ मध्यें लॉरिन हिल हिला एकाच रात्रीं पांच ग्रॅमी पारितोषिकें मिळालीं, त्यांत वर्षांतील उत्कृष्ट आल्बमचेंहि होतें, आणि हिप-हॉप आल्बमला तें प्रथमच मिळालें. नातीनें हा मुद्दा विजयी मुद्रेनें मांडला. पण दुसऱ्या परीक्षकांनीं दिलेले गुण पाहून आपले गुण देणें हा मास्तरांच्या धंद्यांत गुन्हा आहे. तोहि रकाना गेला.

मग एक मोठीच अडचण लक्षांत आली. १९९१ च्या डिसेंबरांत न्यूयॉर्कच्या एका न्यायालयानें असा निर्णय दिला कीं, दुसऱ्याच्या गाण्याचा तुकडा त्याच्या परवानगीवांचून वापरतां येणार नाहीं. त्यापूर्वीं ज्यानें शेंकडों तुकडे मुक्तहस्तें वापरले, आणि त्यानंतर ज्याला एकेका तुकड्याचे पैसे मोजावे लागले, त्या दोघांची परीक्षा एका तराजूनें कशी घ्यावी ? एका वर्गाला दोन निरनिराळ्या प्रश्नपत्रिका देऊन क्रमांक लावण्यासारखेंच तें झालें. म्हणून केवळ ध्वनिरचनेच्या वैभवावरहि निकाल लावतां येईना.

दुसरी अडचण अशी कीं, या गीतांत शिव्या आहेत, हाणामारी आहे, नशापाणी आहे, आणि पुष्कळ ठिकाणीं स्त्रीजातीविषयीं असें बोलणें आहे कीं, मी तें नातीसमोर उच्चारूं शकणार नाहीं. ‘द क्रॉनिक’चें संगीत ऐकून माझ्यासारख्या म्हाताऱ्याचाहि पाय ताल धरूं लागला, शब्द समजले तेव्हां तो थांबला. मीं त्याचे गुण कापले. नातू म्हणाला, “आबा, शिव्या ‘इल्मॅटिक’मध्येंहि आहेत. तेथें कां नाहीं कापले ?” मीं म्हटलें, वाईट वस्तीचें वर्णन करणें निराळें आणि वाईटपणाची फुशारकी मारणें निराळें. हा भेद खरा आहे. पण तो प्रत्येक ओळींत स्वच्छ दाखवितां येतो, असें मीं प्रामाणिकपणें म्हणूं नये. श्रेष्ठ कोण या अहंकाराची परिणति कोठवर जाते, हेंहि या दशकानें पाहिलें. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांच्या चढाओढीचे दिवस होते. सप्टेंबर १९९६ मध्यें टुपाक शकूर आणि मार्च १९९७ मध्यें नोटोरियस बी.आय.जी. गोळ्यांना बळी पडले. एक पंचवीस वर्षांचा, दुसरा चोवीस. ज्या वयांत आमचे विद्यार्थी नोकरीचे अर्ज लिहितात, त्या वयांत या दोघांचें चरित्र संपलें.

आतां वादांतील दोन मुख्य आल्बमांकडे येतों. नॅस हा न्यूयॉर्कच्या क्वीन्सब्रिज वसाहतींत वाढला. सहा मजली सरकारी इमारती आणि तीन हजारांहून अधिक बिऱ्हाडें, अशी ती वसाहत. हा मुलगा आठवीनंतर शाळा सोडून गेला, आणि विसाव्या वर्षीं त्यानें हा आल्बम काढला. सारा मिळून चाळीस मिनिटांचा. त्याचे वडील ओलू डारा हे जाझ वादक; एका गीताच्या शेवटीं त्यांचें कॉर्नेट ऐकूं येतें. एक गीत तर तुरुंगांतील मित्रांना लिहिलेल्या पत्रांच्या रूपांत आहे : वस्तींत काय चाललें आहे, कोण काय करतो, तुझें मूल कसें आहे. मोरोपंतांच्या यमकांवर पोसलेला मी. पण या मुलाचीं यमकें चरणाच्या टोंकाशीं थांबत नाहींत, चरणाच्या पोटांत शिरतात, आणि तरी बोलणें कृत्रिम होत नाहीं. ही भाषा कोणत्याहि क्रमिक पुस्तकाची नव्हे. ती त्या जिन्यावरची, त्या गल्लींतली भाषा आहे.

लॉरिन हिल हिचा आल्बम सुरू होतो तो शाळेच्या घंटेनें. मास्तर हजेरी घेत आहेत. मुलें ‘हजर’ म्हणत आहेत. लॉरिन हिल हें नांव पुकारलें जातें, आणि उत्तर येत नाहीं. मास्तरांचा आवाज रास बराका यांचा आहे. ते स्वतः शिक्षक होते, आणि पुढें २०१४ सालीं न्यूअर्क शहराचे महापौर झाले. आल्बमचें नांव कार्टर वुडसन या इतिहासकाराच्या १९३३ सालच्या ग्रंथाची आठवण देणारें आहे. शाळेनें कृष्णवर्णीय मुलांना त्यांच्या स्वतःच्याच पूर्वजांविषयीं अज्ञानांत ठेवलें, असें त्या ग्रंथाचें म्हणणें. हिल गातेहि आणि रॅपहि करते. प्रेमभंग, मातृत्व, देवावरील श्रद्धा हे तिचे विषय. तेव्हां ती तेवीस वर्षांची होती.

श्रोतेहो, ती हजेरी ऐकली तेव्हां मीं यंत्र बंद केलें आणि त्या दिवशीं पुढें ऐकलें नाहीं. त्याचें कारण सांगतों.

माझ्या नोकरीच्या पहिल्या कांहीं वर्षांत सातवीच्या वर्गांत एक मुलगा होता. घरची बोली अहिराणी. ‘पावसाळ्यांतील एक दिवस’ या विषयावर त्यानें निबंध लिहिला. पत्र्यांतून गळणारें पाणी, त्याखालीं आईनें मांडलेलीं भांडीं, आणि प्रत्येक भांड्यांत पडणाऱ्या थेंबाचा वेगळा आवाज, हें सारें त्यानें लिहिलें होतें; पण अहिराणींत लिहिलें होतें. मीं तांबड्या शाईनें ओळन् ओळ रंगविली, दहांपैकीं दोन गुण दिले, आणि एवढ्यावर न थांबतां तो निबंध वर्गाला वाचून दाखविला. वर्ग हंसला. दिवाळीनंतर त्याच्या नांवाला उत्तर आलें नाहीं. आठ दिवस मीं नांव पुकारलें, आणि मग हजेरीपटांत त्यावर आडवी रेघ ओढली.

त्यानें माझ्यामुळेंच शाळा सोडली, असें मी म्हणत नाहीं. घरीं दारिद्र्यहि होतें. प्रमाण भाषा शिकवूंच नये, असेंहि माझें म्हणणें नाहीं. ती शिकविण्याचाच मला पगार मिळत होता. पण त्या वर्षीं ज्यांना मीं आठ गुण दिले, त्यांच्या निबंधांतील एक वाक्य आज मला आठवत नाहीं. त्या भांड्यांचे आवाज मात्र आठवतात. म्हणजे चूक उत्तरपत्रिकेंत नव्हती, माझ्या रकान्यांत होती. मीं शुद्धलेखनाचा रकाना आंखला होता. पाहिलें काय आणि ऐकलें काय, याचा रकाना आंखलाच नव्हता.

म्हणून या खेपेस मीं एकच रकाना ठेवला. बोलणाऱ्यानें आपली जागा आपल्याच वाणींत किती पूर्णपणें ऐकविली ? या मापानें माझा कौल ‘इल्मॅटिक’ला. तेथें एक शब्द जास्त नाहीं, आणि ऐकणारा चाळीस मिनिटें क्वीन्सब्रिजच्या बाहेर पडूं शकत नाहीं. लॉरिन हिलला मीं अर्धाच गुण कमी दिला, तो लांबीबद्दल. एक तासाहून बरीच मोठी तिची रचना मधून मधून सैल पडते.

निकाल ऐकून नातू उठून नाचला. नात शांतपणें म्हणाली, “आबा, त्या वस्तींत बाया-मुली राहात नव्हत्या काय ? त्यांतली एकतरी ‘इल्मॅटिक’मध्यें स्वतःची हकीकत सांगते का ? अर्धी वस्ती मुकी ठेवली, तर जागा पूर्ण ऐकविली असें कसें म्हणतां ?” मला उत्तर सुचलें नाहीं. कौल मीं बदलला नाहीं. पण निकालपत्राखालीं तिची हरकत तिच्याच शब्दांत लिहून घेतली, आणि खालीं सही केली. त्या अर्ध्या गुणाविषयीं माझ्या मनांत तेव्हांपासून शंका आहे.

अमेरिकेंत लायब्ररी ऑफ काँग्रेस हें मोठें राष्ट्रीय ग्रंथालय आहे. जतन करण्यायोग्य अशीं पंचवीस ध्वनिमुद्रणें तेथें दर वर्षीं निवडून एका नोंदवहींत घालतात. मीं आज ज्या सात आल्बमांचा उल्लेख केला, ते सातहि त्या नोंदवहींत आहेत. त्यांना तेथें क्रमांक नाहींत. मग क्रमांक लावण्याचा वाद व्यर्थ आहे काय ? मला तसें वाटत नाहीं. वाद घातला नसता तर मीं हे आल्बम ऐकलेच नसते, आणि माझें माप तपासण्याची वेळहि आली नसती. श्रेष्ठ कोण, हें सांगतांना आपण कशाला श्रेष्ठ म्हणतों तें उघडें करावें लागतें. तरुण मुलांनीं असे वाद अवश्य घालावेत, आणि वडीलधाऱ्यांनीं निकाल देण्यापूर्वीं एकवार ऐकावें. मीं त्या मुलाचें ऐकलें नव्हतें. नुसतें वाचून दाखविलें होतें.